तूर चावण्यास हरकत नाही

१९५५ च्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, जळगावच्या एका डाळमिलमध्ये उडदाचा दाणा चावताना माझ्या थोरल्या भावाचा खालचा पुढचा दात हलला. वेळ सकाळी दहाच्या सुमाराची. दाणा फुटला नाही. त्यांनी तो तळहातावर थुंकून पाहिला, तेव्हा त्याला रक्त लागलेले होते.

मी तिथे नव्हतो. हमालांच्या मुकादमाने मला हे सांगितले. भाऊंनी नंतर त्यातला रक्ताचा भाग तेवढा नाकारला. वहिनींनी धोतराच्या सोग्यावरचा डाग दाखवला, तेव्हा तोही मान्य केला.

भाऊ त्या मिलमध्ये पारखी होते. घरात त्यांना भाऊ म्हणत, मिलमध्येही भाऊच. मालाची गाडी फाटकात आली की ते पोत्याच्या पोटात लोखंडी पोकळ नळी खुपसत, नळीतून आलेले दाणे हातावर घेत आणि त्यातला एक पुढच्या दातांत धरून चावत. वाळलेला दाणा कट् आवाज करून दोन फाकांत फुटतो. ओला दाणा आवाज न करता चपटा होतो. या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि त्या भाऊंना दातांतून कळत. ओला माल गोदामात गेला तर बुरशी धरते, जात्यावर गेला तर डाळ नीट पडत नाही. म्हणून ‘आत घ्या’ किंवा ‘दोन दिवस ऊन द्या’ हा भाऊंचा शब्द मिलमध्ये शेवटचा होता. ओलावा मोजायचे यंत्र निघाले आहे असे शेठनी ऐकले होते. पण यंत्राला उडीद आणि मूग यांतला फरक तरी कळतो का, असा त्यांचा सवाल होता.

दात हलायला लागून वर्ष झाले होते. हिरड्या सुजत, भाकरी चावताना रक्त येई. भाऊ रोज सकाळी कोळशाची पूड आणि मीठ लावून दात घासत, आणि घासताना जितके रक्त येई तितकी घाण निघून जाते असे समजत. पण पुढचा दात हलला, तेव्हा मिलमध्ये ती गोष्ट लपली नाही. भाऊंनी त्या दिवशी उरलेले दाणे बाजूच्या दाढेने चावले आणि एक ओली गाडी आत घेतली. तिसऱ्या दिवशी पोती गरम लागली, म्हणून उघडली.

शेठ रागावले नाहीत. ते म्हणाले, “भाऊ, संक्रांतीला नवी तूर येईल. तोवर तोंड नीट करा. नाहीतर बोदवडला एक माणूस आहे, त्याला बोलवावं लागेल.”

भाऊंचे वय तेव्हा सेहेचाळीस. दुसरे काम त्यांना येत नव्हते आणि शिकायची इच्छाही नव्हती.

स्टेशन रोडवर दात बसवून देणारे एक गृहस्थ होते. त्यांनी तोंडात डोकावून निकाल दिला की सगळे दात काढावे आणि कवळी बसवावी, आठवड्यात काम होईल. भाऊंनी एकच प्रश्न विचारला.

“त्या दातांना दाणा कळेल का?”

“चावता येईल की.”

“चावता बैलालाही येतं. कळेल का?”

गृहस्थांनी खरे उत्तर दिले की कळणार नाही. भाऊ उठून आले.

मी त्या वेळी धुळ्यात एका साप्ताहिकात काम करत होतो आणि देवपुरात खोली घेऊन राहत होतो. तेव्हा जळगाव पूर्व खानदेशात आणि धुळे पश्चिम खानदेशात. दोन जिल्हे, एक एसटी, आणि मध्ये पारोळ्याला चहा. धुळ्यात मुंबईहून शिकून आलेले एक तरुण दंतवैद्य होते. माझी एक दाढ त्यांनी भरली होती आणि ती पडली नव्हती. एवढ्या पुराव्यावर मी भाऊंना पत्र लिहिले.

नोव्हेंबरच्या शेवटी भाऊ आले. डॉक्टरांनी एक बारीक, खुणा केलेली सळई घेतली आणि प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत सरकवत आकडे सांगायला सुरुवात केली. कंपाउंडर लिहून घेत होता. चार, पाच, चार, सहा.

“हे कसलं माप?” भाऊंनी सळई बाहेर आल्याबरोबर विचारले.

“दात आणि हिरडी यांच्यात खिसा झालाय. तो किती खोल आहे ते बघतोय.”

“आम्हीपण असंच बघतो. पोत्यात नळी घालून.”

“मग तुम्हाला समजावणं सोपं आहे,” डॉक्टर म्हणाले. “याला पायरिया म्हणतात. दात चांगले आहेत, एकही किडलेला नाही. पण दातांवर साचून कडक झालेलं कीटण हिरडीच्या खाली मुळापर्यंत गेलंय. ते तिथे आहे तोवर हिरडी दाताला धरणार नाही. खालचा पुढचा एक वाचणार नाही. बाकीचे बहुतेक वाचतील.”

उपाय असा होता: तोंडाचे चार भाग करायचे आणि दर आठवड्याला एक भाग साफ करायचा. सुई देऊन बधिर करायचे आणि वाकड्या टोकाच्या हत्यारांनी हिरडीखालचे मूळ खरवडून गुळगुळीत करायचे. कापायचे नाही, टाके नाहीत. भाऊंनी विचारले, संक्रांतीपर्यंत होईल का. डॉक्टर म्हणाले, साफ होईल. घट्ट कधी होईल ते हिरडीला विचारावे लागेल.

पहिली बैठक उजव्या बाजूच्या वरच्या भागाची. मी पडद्याबाहेर बाकावर बसलो होतो. आवाज ऐकू येत होता. पातेल्याच्या बुडाला लागलेले दूध उलथन्याने खरवडावे, तसा. सुमारे तासभर तो चालला. मध्येच तो थांबला आणि डॉक्टर म्हणाले, “हे काय आहे?”

पडदा बाजूला करून त्यांनी चिमट्यातले मला दाखवले. तुरीचे टरफल होते. हिरडीच्या आत, दाताला चिकटून बसलेले.

“गेल्या हंगामातलं असेल,” भाऊ बधिर ओठातून म्हणाले.

“अजून आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या मिलचं गोदाम कमी पडलं म्हणून इथे साठवलेत का?”

निघालेले कीटण एका काचेच्या बशीत ठेवले होते. काळपट, खड्यांसारखे तुकडे. भाऊंनी बशी हातात घेतली. एक खडा उचलला, अंगठ्याखाली दाबला, प्रकाशाकडे धरला. मग तो खडा सवयीने डाव्या बाजूच्या दातांकडे निघाला.

“अहो!” डॉक्टर ओरडले. कंपाउंडरने भाऊंचा हात धरला.

“कडक माल आहे,” भाऊ म्हणाले आणि खडा परत ठेवला.

पांझरेच्या पुलावरून देवपूरला परत येताना ते दर दहा पावलांनी ओठाला हात लावत होते. “बघ रे, ओठ आहे ना जागेवर?” मी दर वेळी आहे म्हणून सांगत होतो. चहा प्यायले तेव्हा निम्मा चहा सदऱ्यावर गेला.

डॉक्टरांच्या सूचना चार होत्या. कोळशाची पूड बंद. मऊ ब्रशने, हलक्या हाताने दात घासायचे. दिवसातून तीनदा मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरायच्या. तिखट आणि कडक खायचे नाही. शेवटच्या सूचनेवरून जळगावात अडचण झाली. तो भरताच्या वांग्यांचा हंगाम होता. भरीत मऊ असते, त्यामुळे ते चालेल असा भाऊंचा युक्तिवाद होता. पण मिरचीचे काय? वहिनींनी स्वच्छ सांगितले, “बिनमिरचीचं भरीत या घरात होणार नाही. शेजारी काय म्हणतील?” भाऊंनी तो महिना दूधभाकरी आणि मुगाची खिचडी यांवर काढला.

याच आठवड्यापासून मला पोस्टकार्डे यायला लागली. पहिले असे होते: ‘वरचा उजवा पहिला नरम. दुसरा नरम. तिसरा बरा. दाढ कडक. बाकी ठीक.’ भाऊ रोज सकाळी आरशापुढे उभे राहून प्रत्येक दात बोटांच्या चिमटीत धरून हलवत आणि मालाला लावावी तशी प्रत ठरवत. नरम, बरा, कडक. देवपुरातला पोस्टमन कार्डे वाचत असे, हे त्याने स्वतःच उघड केले. तिसरे कार्ड देताना तो म्हणाला, “साहेब, तुमचे भाऊ मालाची हालत रोज कळवतात, पण भाव लिहीत नाहीत.”

दुसरी बैठक उजव्या खालच्या भागाची होती. ती सुरळीत पार पडली. पाच दिवसांनी कार्ड आले: ‘उजवी बाजू बठ्ठी नरम, एकही कडक नाही. दातांत फटी पडल्या. फटीतून हवा जाते. पुढच्या मंगळवारी येत नाही.’

मंगळवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारीही आले नाहीत. त्या आठवड्याच्या शेवटी मी जळगावला गेलो.

भाऊ ओट्यावर बसले होते. बोलताना ओठ मिटून घेत होते. त्यांचे म्हणणे असे: कीटण म्हणजे दातांचा गिलावा होता. तो डॉक्टरने काढला. आता विटा सुट्या झाल्या. गार पाणी लागले की कळ मस्तकात जाते. पूर्वी असे होत नव्हते. संक्रांतीला तीन आठवडे उरले आहेत. उरलेल्या अर्ध्या तोंडाचा गिलावा तरी राहू द्यावा.

“डॉक्टरांनी सांगितलं होतं, भाऊ. सूज उतरली की फटी दिसतील. काही दिवस दात जास्त हलतील, गार पाणी लागेल. त्यांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं. पण मला वाटलं, ते लोकांना सांगतात.”

“डावीकडे रक्त येतं का अजून?”

“येतं.”

“आणि उजवीकडे?”

भाऊंनी उजवीकडच्या हिरडीवरून जीभ फिरवली. उजवीकडे रक्त येत नव्हते. हे त्यांच्या ध्यानात आले होते, पण प्रतवारीत रक्ताला रकाना नव्हता.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. भाऊंच्या तोंडाला गेली काही वर्षे वास येत असे. घरात याचा उच्चार कधी झाला नव्हता. वहिनी त्यांच्याशी बोलताना चुलीकडे तोंड करून बोलत, आणि ती त्यांची पद्धत आहे असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या दिवशी त्या भाऊंच्या समोर, हातभर अंतरावर बसल्या.

“भाऊजी, यांना घेऊन जा,” त्या मला म्हणाल्या. “अर्धा वास गेलाय. उरलेला अर्धा काढून आणा.”

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिले. “कसला वास?”

“आता विचारताय?”

“इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही पारखी. मी काय सांगणार?”

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने माझ्याबरोबर धुळ्याला आले. पारोळ्याला चहा घेताना म्हणाले, “मिलमध्ये मुकादम नेहमी माझ्या डाव्या बाजूला दोन हात लांब उभा राहतो. मला वाटायचं, मान देतो.”

तिसऱ्या बैठकीच्या आधी डॉक्टरांनी उजवी बाजू पाहिली आणि कपाळाला आठी घातली. हिरड्या चांगल्या होत्या. पण दात व्हायला हवे होते त्याहून जास्त हलत होते.

“तुम्ही दात हलवून पाहता का?”

“रोज सकाळी.”

“का?”

“प्रत कळायला नको?”

डॉक्टरांनी हातातले हत्यार खाली ठेवले. “पोत्यात ती नळी खुपसता. मग त्याच भोकात रोज खुपसता का?”

“नाही. भोक मोठं होतं. पोतं फाटतं.”

डॉक्टरांनी हत्यार पुन्हा उचलले. भाऊंनी तोंड उघडले. त्या दिवसानंतर पोस्टकार्डे बंद झाली. पोस्टमनने दोनदा चौकशी केली.

चौथी बैठक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाली. त्याच वेळी खालचा पुढचा दात काढला. निघताना डॉक्टरांनी शेवटची अट घातली: पूर्ण एक महिना कच्चा दाणा दातांखाली घ्यायचा नाही. तीळगुळाचा लाडूसुद्धा नाही. भाऊंनी संक्रांत म्हणून सांगून पाहिले. डॉक्टर म्हणाले, संक्रांत पुढच्या वर्षीही येईल.

संक्रांतीला तूर आली, आणि त्याच दिवशी बोदवडचा माणूसही आला. किडकिडीत, अदबशीर, भाऊंहून दहा वर्षांनी लहान. त्याने भाऊंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “भाऊ, तुमचं नाव तिकडे बोदवडपर्यंत आहे.” त्याचे सगळे दात जागेवर होते.

भाऊंनी त्याला पहिल्या गाडीला हात लावू दिला नाही. त्यांनी मुकादमाला बोलावले. दाणे स्वतः काढले, त्यातला एक मुकादमाच्या तोंडात दिला आणि आपला कान त्याच्या जबड्याला लावला.

“चाव.”

मुकादमाने चावला. “कडक शे, भाऊ.”

“तुले कोनी इचारं? तू फक्त चाव. आते दुसरा.”

कट्.

“तिसरा. जरा हळू.”

मुकादमाने सात दाणे चावले. भाऊंनी कान काढला आणि माल आत घ्यायला सांगितले. बोदवडच्या माणसाने त्याच पोत्यातला दाणा चावला आणि मान हलवली. निकाल जुळला होता.

हा प्रकार दोन आठवडे चालला. मी त्यातला एक दिवस स्वतः पाहिला. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती, आणि गाडीवान बैल सोडून भाऊंचा कान पाहायला आत येत होते. दुपारपर्यंत मुकादमाचा जबडा दुखायला लागला. “भाऊ, भाकर खावाले दात ठेवा मन्हा,” तो म्हणाला. दुसऱ्या हमालाला उभे केले, पण त्याचा आवाज वेगळा येतो म्हणून भाऊंनी त्याला परत पाठवले. त्याला तंबाखूची सवय होती, आणि भाऊंच्या मते तंबाखूवाल्या तोंडात कडक दाणाही ओला वाजतो.

शेठनी हे सगळे गादीवरून पाहिले. शेवटी त्यांनी भाऊंना बोलावले. “भाऊ, एक गाडी बघायला दोन माणसं आणि इतका वेळ लागतो. तो बोदवडचा एका दाण्यात सांगतो. महिनाअखेर होईपर्यंत थांबतो. तुम्ही स्वतः दाणा चावला तर काम तुमचं. नाहीतर त्याचं.”

जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत भाऊ धुळ्याला आले. डॉक्टरांनी पुन्हा सळई घेतली, पुन्हा आकडे सांगितले. या वेळी दोन आणि तीन होते. एका दाढेजवळ चार. त्यांनी प्रत्येक दात दोन बाजूंनी दाबून पाहिला. भाऊंनी खुर्चीचे हात धरून ठेवले होते.

“कुठला दात वापरणार?” डॉक्टरांनी विचारले.

“पुढचा गेला. उजवीकडचा सुळ्याशेजारचा.”

“दाणा कोणता?”

“तूर.”

डॉक्टरांनी आपल्या छापील कागदावर शाईने लिहिले: ‘उजव्या बाजूने तूर चावण्यास हरकत नाही.’ खाली सही केली. हे लेखी द्यावे असे भाऊंनीच सांगितले होते. तोंडी निकालावर शेठ विश्वास ठेवणार नाहीत अशी त्यांना भीती होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मिलमध्ये गेलो. शेठनी चष्मा लावून कागद वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि पुन्हा वाचला.

“तूर लिहिलंय,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात हरभरा येईल. त्याचं काय?”

“तुरीचं विचारलं होतं, शेठ.”

“हरभरा तुरीहून कडक असतो.”

“ते मला सांगता?”

फाटकात तुरीच्या दोन गाड्या उभ्या होत्या. भाऊंनी पहिल्या गाडीच्या पोत्यात नळी घातली, एक दाणा उचलला आणि उजवीकडे दातांत धरला. मुकादम सवयीने पुढे आला होता. तो मागे सरला. भाऊंनी दाणा चावला. आवाज आला, पण पूर्ण नाही. ते थोडा वेळ दाणा जिभेवर ठेवून उभे राहिले.

“परत. तीन दिवस ऊन,” ते म्हणाले.

बोदवडच्या माणसाने त्याच पोत्यातला दाणा चावला. “दोन पुरतील, भाऊ.”

“तीन.”

“दोन.”

शेठनी गाडीवानाला तीन सांगितले. दुसरी गाडी भाऊंनी आत घेतली.

त्या हंगामाची तूर भाऊंनी पारखली. हरभऱ्यासाठी शेठनी बोदवडच्या माणसाला ठेवून घेतले. मी धुळ्यात डॉक्टरांना हरभऱ्याचे विचारले, तेव्हा ते म्हणाले, होळी होऊ द्या. त्यांनी तसा कागदही दिला आणि या वेळी ‘उडीद, मूग, मसूर यांसही हरकत नाही’ असे आपण होऊन जोडले.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मिल उघडली. पहिली गाडी हरभऱ्याची होती. बोदवडचा माणूस बाजूला उभा राहिला. भाऊंनी दाणा उजवीकडच्या दातांत धरून चावला. तो दोन फाकांत फुटला. गाडी आत घेतली.